न चाखलेली आमटी

आक्का, तुमच्या तेराव्याला लोक तुमच्याविषयी इतकं गोड बोलले, की शेवटी मी उठून मागच्या दारी जाऊन बसले. कोणी म्हणालं, साक्षात अन्नपूर्णा. कोणी म्हणालं, तोंडातून कधी वावगा शब्द नाही. एका अडत्याने तर, आक्कांनी आयुष्यात कोणाशी वाद घातला नाही, असं चारचौघांत ठोकून दिलं. मी तुमची धाकटी जाऊ. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून आपण दोघींनी मिळून खानावळ चालवली. चूल पेटली नाही असा एखादा दिवस सापडेल, पण आपण वाद घातला नाही असा सापडायचा नाही. त्या माणसाला हाताला धरून सांगावंसं वाटलं, बाबा, तू दुसऱ्याच कोणाच्या तरी तेराव्याला आला आहेस.

त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. त्यांनी तुम्हाला पंगतीच्या बाजूने पाहिलं. मी चुलीच्या बाजूने पाहिलं. आणि चुलीच्या बाजूला तुम्ही हट्टी होतात, अबोल होतात, आणि बोललात तर असं काही बोलायचात की समोरच्याने आठ दिवस चघळत बसावं. आता उद्यापासून खानावळ पुन्हा सुरू करायची आहे आणि ती मी एकटीने चालवायची आहे. त्या आधी आपलं जे अर्धं राहिलं आहे ते एकदा बोलून घेते. तुम्ही मधे तोंड घालणार नाही, हे पहिल्यांदाच घडतं आहे, आणि मला त्याचं मुळीच सुख होत नाही.

बाहेरच्या कोणाला आपली खानावळ दाखवली तर तो हसेल. शेवगावच्या अडतबाजाराच्या मागं पत्र्याचं लांबट छप्पर, खाली सारवलेली जमीन, दोन ओळीत पसरलेली गोणपाटं. दारावर पाटी नाही. तुमच्या मालकांची, मोठ्या भाऊजींची, पाठ ओझ्याने गेली, हमाली सुटली, तेव्हा तुम्ही त्यांच्याच जोडीदारांना भाकरी करून घालायला सुरुवात केलीत. मग त्यांच्या ओळखीने गाडीवान आले, मग धान्य विकायला आलेले शेतकरी, मग खुद्द अडते. मी आले तेव्हा हाताखाली चार बायका होत्या आणि सगळं नीट चाललं होतं. पण मला नीट चाललेलं बघवत नाही, हा माझा स्वभाव. माझे वडील नगरला विडीच्या कारखान्यात माल तपासायला होते. एकेक जुडी हातात घेऊन, वाकडी विडी उपटून बाजूला टाकायची, हेच त्यांनी जन्मभर केलं. त्यांची लेक मी. मला वाटायचं, मालक म्हणजे जो शेवटी तपासतो तो.

तुमचं सगळंच उलटं. नवी बाई कामाला आली की पहिल्या दिवशी तिला काम नाही. तिला पंगतीत बसवायचं, गाडीवानांच्या शेजारी, आणि पोटभर वाढायचं. ती बिचारी संकोचून अर्धी भाकरी खायची. जेवण झालं की तुम्ही विचारायचात, "काय कमी वाटलं गं?" पहिल्या दिवशी कोणती बाई सांगणार? मी म्हणायचे, आक्का, हे काय नाटक, जेवायला घालून घालून बायका माजतील. तुम्ही म्हणायचात, "जी बाई त्या गोनपाटावर बसली न्हाई, तिला वाढायचं कळत न्हाई." खरं सांगू का, मला ते तेव्हाही पटलं होतं. पटलं असं म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती, एवढंच.

पण जे पटलं नाही, ते चाखण्याचं.

नैवेद्य झाल्याशिवाय अन्नाला जीभ लावायची नाही, हे कोणत्याही घरात असतं. माझ्याही माहेरी होतं. पण घरची आमटी बिघडली तर घरची माणसं दोन बोल बोलून गप्प बसतात. इथं शंभर गिऱ्हाईक. मी म्हटलं, ठीक आहे, देवाला दाखवून होऊ दे, गाईचा घास निघू दे, मग पंगत बसायच्या आधी मी एक पळी चाखून बघत जाईन. यात कुठं देव कोपतो? तुम्ही भाकरी थापत होतात. हात न थांबवता म्हणालात, "देवाचं निमित्त हाय. तू चाखलीस की ती तुझ्या जिभेची आमटी झाली. उद्या पारू डोळं झाकून मीठ टाकंल, वैनी हाय म्हनून."

पारू म्हणजे आपली आमटीवाली. पाथर्डीकडची, नवऱ्याने टाकलेली, तोंडाने अबोल आणि हाताला अशी चव की लग्नात करतात ती येसराची आमटी, भाजलेल्या डाळी-धान्याची मसालेदार पूड लावलेली, ती रोजच्या पंगतीत खायला लोक वाट वाकडी करून यायचे. म्हणायचे मात्र काय? "आक्काच्या हातची आमटी." तुम्ही तर आमटीच्या भांड्याला हातही लावत नव्हता. आपण सगळ्या शेवटी जेवायला बसायचो, तेव्हा कुठं तुमच्या जिभेला ती लागायची. गिऱ्हाइकाला आधी कळणार, मालकिणीला मागून. हा कुठला धंदा, असं मी म्हणायचे, आणि तुम्ही भाकरी उलटायचात.

मग दुष्काळ आला.

त्या वर्षाचं जास्त सांगत नाही, तुम्ही होतातच. रेशनच्या लाल मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी थापता थापता आपल्या हातांची साल गेली. अडतबाजार ओस पडला, पण खडी फोडायच्या कामावरची माणसं, मुकादम, ट्रकवाले असे येत राहिले, म्हणून चूल चालली. आणि मग आपल्या विहिरीने तळ दाखवला. तुमचं माहेर नेवाशाकडचं, प्रवरेचं पाणी प्यालेलं. शेवगावच्या पाण्याला तुम्ही एरवीही नावंच ठेवायचात. तुम्ही मळेवाल्याशी बोलून त्याच्या विहिरीचं पाणी बैलगाडीवर पिंपात भरून आणवलंत. सकाळी गाडी आली, पिंपं उतरली, पारू आली, तिने रोजच्यासारखी डाळ शिजत घातली, रोजच्यासारखं मीठ टाकलं. नैवेद्य दाखवला. पंगत बसली.

मी वाढत होते. पहिला घास गेला. मग एका हमालाने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाला, "आक्का, मिठाची गोनी फुटली का काय?" सगळे हसले. मळ्यातलं पाणी खारं होतं. कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, कारण प्यायला अजून आदल्या दिवशीचंच पाणी होतं, आणि आपल्या घरात कोणी चाखतच नव्हतं. मी धावत तुमच्याकडं आले. मला वाटलं, तुम्ही उठाल, हात जोडाल, माझं चुकलं म्हणाल, लोक तुमच्या शब्दावर ठेच्याशी भाकरी खाऊन उठतील. मालकाने असं करायचं असतं. वाकडी विडी गेली तर माझे वडील स्वतःचं नाव सांगायचे, वळणाऱ्या बाईचं नाही.

तुम्ही म्हणालात, "पारूला भायेर बोलव."

ती हात पुसत आली. सगळे पुरुष. तिने डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तुम्ही जागेवरून म्हणालात, "पारू, तुझी आमटी हाय. इचार त्यान्ला कशी झाली."

मला तिथंच तुमचा राग आला, आक्का, तो अजून पुरता गेलेला नाही. एरवी कोणाला चार माणसांत शब्द लावायचा नाही, हा तुमचाच नेम. पारू उभी. पदर तोंडाशी. मग तिने विचारलं, "कशी झालीया?" कोपऱ्यात जेवणारे बागवान चाचा, फळांच्या दुकानाचे, ते म्हणाले, "बेटी, नमक जास्त झालं. बाकी मसाला एकदम झकास." बाकीचे खाली बघून हसत होते. पारू आत गेली, चुलीतली लाकडं बाहेर ओढली, आणि मागच्या दाराने घरी निघून गेली.

दुपारी मी तुम्हाला सोडलं नाही. म्हटलं, पाणी बदललं कोणी? तुम्ही. पारूला सांगितलं कोणी? कोणीच नाही. मग चूक कोणाची? तुम्ही उरलेल्या भाकऱ्या फडक्यात बांधल्यात. मग म्हणालात, "तिची चूक मी घेतली तर तिचं नाव बी मलाच घ्यावं लागंल. समदी आमटी आक्काची, समदी चूक आक्काची. मग पारू कुटं हाय?" मी म्हटलं, हे बोलायला छान आहे, पण ती पोर आत्ता घरी रडत बसली आहे. मी निघाले तिची समजूत काढायला, तर तुम्ही मला दारात अडवलंत. "जाऊ नको. तू समजूत घालाया गेलीस, तर तिला वाटंल तिनं पाप केलं. मीठ जास्त झालं, एवडंच."

ती दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तुम्ही स्वतः आमटी केलीत, आणि ती पारूसारखी झाली नाही, हे मी तुम्हाला मुद्दाम ऐकवलं. तुम्ही म्हणालात, "व्हय." एवढंच. तुमच्याशी भांडताना हेच अवघड, मी दगड मारावा आणि तुम्ही तो उचलून कडेला ठेवावा.

मग बाजाराच्या दिवशी पारू आली. कोणाकडं बघितलं नाही. पिंपातलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडाला लावलं, बाजूला थुंकली, आणि तुमच्याकडं न बघताच म्हणाली, "पानी चाखलं तर चालतंय न्हवं आक्का? पान्याचा काय निवद नसतो." तुम्ही हसलात. मी तुम्हाला तसं हसताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे. त्या दिवशी पंगत बसली आणि पारू आपणहून दारात येऊन उभी राहिली. विचारलं काही नाही, नुसती उभी राहिली. बागवान चाचा म्हणाले, "आज झाली बघ." आणि पुढं कधीतरी, आपल्या नकळत, लोक "आक्काच्या हातची" म्हणायचे ते "पारूबाईची आमटी" म्हणायला लागले. आडगावचा गाडीवान आला तरी आधी विचारायचा, पारूबाई हाय का आज?

तरीही मी हरले नव्हते. कबूल करा. पाणी तुम्ही बदललं होतंत, आणि तेवढं एक वाक्य पंगतीत बोलायला तुम्हाला काय झालं होतं? मी ते पुन्हा पुन्हा काढायचे. तुम्ही अंथरूण धरलंत त्यानंतरही एकदा काढलं. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत. मला वाटलं दुखत असेल. मी विषय सोडला आणि तुमचे पाय चेपत बसले. तो विषय तेव्हा सोडला तो सोडलाच.

आता तुम्हाला ठाऊक नसलेलं सांगते. म्हणजे मला वाटत होतं की तुम्हाला ठाऊक नसेल.

तेरावं उरकलं, भांडी घासून झाली, तेव्हा पारू माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "वैनी, साखर कारखान्यावर कामगारांचं जेवनघर निघालंय. मला बलावलंय. समदा सैंपाक माज्या हाताखाली." तुम्ही गेलात, आता ही चालली, मग उरलं काय, पत्रे आणि गोणपाटं? मिठाला जागायची भाषा माझ्या ओठांवर आली होती. इतक्या वर्षांत आक्कांनी तुला लेकीसारखं, वगैरे. ते बोलणं सोपं असतं आणि त्याने माणूस थांबतोही. पारू थांबली असती. ती खाली बघत होती, माझ्या तोंडातून ते निघायची वाटच बघत होती.

माझ्या तोंडातून भलतंच निघालं. इतकी वर्षं विचारायचं राहिलेलं. मी म्हटलं, "पारू, त्या दिवशी पंगतीत उभं केलं, तुला काय वाटलं होतं गं?"

ती म्हणाली, "लई राग आला हुता. अजून हाय." मग म्हणाली, "पन वैनी, त्या आदी कुनाला मी ठावंच नव्हते. घरी रडत बसले तवा ध्यानात आलं, की आज पैल्यांदा लोकान्ला कळलं, आमटी कोन करतं ते. खारट झाली म्हनून कळलं, पन कळलं."

आणि मग तिने सांगितलं. तुम्ही गेलात त्याच्या थोडंच आधी, मी औषध आणायला नगरला गेले होते, तेव्हा तुम्ही तिला जवळ बोलावून म्हणालात, "पानी म्या बदललं हुतं. तुला सांगाया इसरले. तवाच पंगतीत म्हनाया पायजे हुतं, जीभ वळली न्हाई."

म्हणजे मी जिंकले होते, आक्का! आणि मला कोणी सांगितलंच नाही. मी हसायला लागले आणि हसता हसता रडायला लागले. पारू घाबरली. मी तिला म्हटलं, काही नाही, तू बोल.

ती म्हणाली, कारखान्याची माणसं आधी तुमच्याकडंच आली होती. तुम्ही अंथरुणावरूनच त्यांना सांगितलंत, मला विचारू नका, पारूला विचारा. मी थक्क झाले. तुम्हाला तुमचं दुखणं कळलं होतं. मागं मी एकटी उरणार हे कळलं होतं. आणि माझ्या हाताखालची एकुलती एक आमटीवाली तुम्ही आपल्या हाताने देऊन टाकलीत. मी पारूला म्हटलं, "आक्कांनी माझा काहीच विचार केला नाही?" तर ती चाचरली, मग म्हणाली, "केला. म्या बी तेच इचारलं. तवा म्हनल्या, पारू हितं हाय तवर सुमन दारात हुभी ऱ्हाऊन दुसऱ्याचीच आमटी बगंल. तिचा हात चांगला हाय, तिलाच ठावं न्हाई."

माझा हात चांगला आहे. हे तुम्ही पारूला सांगितलंत. मला सांगायला तुमच्यापाशी इतकी वर्षं होती, आपण एका चुलीशी बसत होतो, एका ताटात जेवायचंच काय ते बाकी होतं. जीभ वळली नाही, हेच ना? तुमची जीभ माझ्यासाठी कधीच वळली नाही, आक्का, आणि मी मूर्ख, तुम्हाला माझं कामच पसंत नाही असं समजून आणखी आणखी तपासत राहिले. मला तुमचा राग येतो. आणि रागाच्या तळाशी असं काही आहे की ज्याने ऊर भरून येतो. माझ्या अंगात काही आहे हे एवढ्या ठामपणे आजवर कोणी धरून चाललं नव्हतं. माझ्या वडिलांनीही नाही. त्यांनी मला वाकडी विडी ओळखायला शिकवलं, वळायला नाही.

मी पारूला म्हटलं, "जा." ती म्हणाली, महिनाभर थांबते, नवी बाई मिळेपर्यंत. मी नको म्हटलं. तू थांबलीस तर मी महिनाभर दारातच उभी राहीन. काल ती गेली. जाताना माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला वर उठवलं. हाताखालचं माणूस मोठं होऊन जातं तेव्हा छातीत असं रिकामं होतं, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. तुमच्याकडून किती बायका शिकून गेल्या, कोणी पैठणला खानावळ काढली, कोणी नगरला. दर वेळी तुम्ही दुसऱ्या दिवशी नव्या बाईला गोणपाटावर बसवून वाढत होतात. मला वाटायचं, हिला काही वाटतच नाही.

आता माझं ठरलं ते सांगते, आणि मग पुरे करते, कारण पहाटे डाळ निवडायची आहे.

उद्या आमटी मी करणार. भीती वाटते आहे, लपवत नाही. नैवेद्य दाखवून झाला की पंगतीच्या आधी मी ती चाखणार, कारण ती माझी आहे, आणि स्वतःची आमटी चाखायची नाही हा तुमचा हट्ट मला काल पटला नाही, आज पटला नाही आणि पुढंही पटायचा नाही. पण हाताखाली जी बाई येईल, तिच्या आमटीला मी पळी लावणार नाही. आणि तिचं कधी बिघडलं, तर तिला एकटीला पंगतीत उभं करणार नाही. ती तिचं सांगेल, मी शेजारी उभी राहून माझं सांगेन. पाणी कोणी बदललं होतं, तेही सांगेन.

अर्धं तुमचं, अर्धं माझं. तुम्ही असता तर यावरही भांडला असता, आणि मी दिवसभर तुम्हाला उत्तरं दिली असती. पारू म्हणते, आक्का शांतपणे गेल्या. तुम्हाला शांतता मिळाली असेल, आक्का. मला मात्र ह्या घरात आता कोणी उलट बोलत नाही, आणि ते मला सोसत नाही.